जर्मनीत हस

बहरीनच्या नईम मोहल्ल्यात एका बाजूला अरबांचे लांब झगे, थोब, शिवणारा शिंपी आणि दुसऱ्या बाजूला खुबूस रोटीची भट्टी, यांच्या मधोमध लतीफचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. एक पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दोन दिवे, एक गोल स्टूल, आणि भिंतीवरच्या आरशाला टांगलेला एक कंगवा, जो गेल्या दहा वर्षांत कोणी वापरलेला नाही आणि कोणी वापरूही नये. एकतीस वर्षं हा माणूस या पडद्यासमोर लोकांना बसवतो आणि एकच वाक्य म्हणतो. आपल्याकडचं कोणी असेल तर "हसू नका", इतर हिंदुस्थानी असेल तर "हसना मत", आणि अरब असेल तर स्वतःच तोंड पाडून दाखवतो. पासपोर्ट, व्हिसा, रेसिडेंट कार्ड, काहीही काढा, तोंड मिटलेलं पाहिजे. हसऱ्या माणसाला कुठलंच सरकार दारात उभं करत नाही, असं लतीफ म्हणायचा आणि स्वतःच्या या विनोदावर स्वतःही हसायचा नाही, इतकी त्याला धंद्याची सवय झाली होती.

त्याची दुसरी एक रीत होती आणि तिच्या जोरावरच त्याचं दुकान चाललं. बायकांचा फोटो तो ठेवायचा नाही. रिळाच्या काळात निगेटिव्ह बाईच्याच हातात द्यायचा; डिजिटल आल्यापासून कॅमेऱ्यातलं कार्ड थेट प्रिंटरला लावायचं, मागितल्या तेवढ्या प्रती पाकिटात घालायच्या, मग कॅमेऱ्याच्या पाठीवरची, फोटो दिसतो ती काच त्या बाईकडे वळवायची आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक फोटो पुसायचा. शेवटचा पुसला की म्हणायचा, "खलास." बस. बहरीनच्या बायका, आपल्या कोकणी बायका, पठाणांच्या बायका, सगळ्या डोळे मिटून त्याच्याकडे यायच्या. आईने लेकीला सांगावं, लेकीने नणंदेला, की फोटो काढायचा तर लतीफभाईकडे. एकदा एक नवरा पाकीट टॅक्सीत विसरला आणि दुसऱ्या प्रतींसाठी दुकानात येऊन त्याने आकांडतांडव केलं. लतीफने शांतपणे सांगितलं, "भाईसाब, मेरे पास कुछ नहीं है. बेगम को वापस लाओ." बेगम परत आली आणि दोघांवरही उखडली. पण शब्द म्हणजे शब्द.

अशा माणसाला बायको मिळाली शरीफुन्निसा, जिला हसू आवरता येत नसे.

बाणकोटच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. निकाह झाला आणि दोन वर्षांत लतीफ बहरीनला आला. फॅमिली व्हिसा मिळण्याएवढा पगार तेव्हा कुठला असायला? सव्वीस वर्षं ती तिकडे आणि हा इकडे. दोन वर्षांतून दीड महिना सुट्टी, एवढाच काय तो संसार. सासू, सासरे, चार दीर आणि एक मुलगी हुदा, एवढ्यांचं तिने केलं. आणि केलं ते हसत. भाकरी करपली तरी हसायची, बकरी दावं तोडून पळाली तरी हसायची. सासऱ्यांसमोर हसणं बरं दिसत नाही म्हणून सासूने पहिल्याच महिन्यात तिला ओढणी तोंडावर धरायला लावलं. ते जे लावलं ते लावलं. सासरे गेले, सासू गेली, तरी हसू आलं की शरीफुन्निसाचा हात आपोआप वर जायचा आणि ओढणीचं टोक तोंडावर यायचं. वर दोन डोळे तेवढे हसताना दिसायचे. तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, हे लतीफला लग्नानंतर पाच महिन्यांनी कळलं.

आता यात जर्मनी कुठून आली? सांगतो. लतीफ पहिल्यांदा आला तेव्हा आठ जणांच्या खोलीत त्याला वरचा पलंग मिळाला. स्टुडिओच्या जुन्या मालकाने त्याला एक कॅलेंडर दिलं होतं, कुठल्याशा लेन्स कंपनीचं. बारा महिने, बारा जर्मन शहरं. ते त्याने पलंगाशेजारच्या भिंतीवर लावलं. बाहेर बहरीनचं ऊन असं, की माणसाच्या नाकाची सावली हनुवटीपर्यंत पडावी. आणि या कॅलेंडरात नदीवर धुकं, पुलाच्या कमानीखाली मऊ उजेड, ओल्या फरशीवर दिव्यांचं सोनं. उजेड असाही असतो हे त्याला तिथे कळलं. तो बायकोला पत्रात लिहायचा ते त्याबद्दलच. दुसरं लिहिणार काय? खोलीतले ढेकूण? शरीफुन्निसा ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवायची आणि ओढणीआडून हसत सांगायची, "आमच्याकडे या महिन्यात हायडेलबर्ग हाय."

पाच वर्षांपूर्वी हुदाच्या बाळंतपणासाठी शरीफुन्निसा बहरीनला आली. हुदाचा नवरा वकार हमद टाउनमध्ये एसी मेकॅनिक, चांगला मुलगा. नात झाली, तिचं नाव सदफ ठेवलं, आणि शरीफुन्निसा परत गेलीच नाही. नईममध्ये स्टुडिओच्या वरच दोन खोल्या मिळाल्या. पन्नाशीला टेकल्यावर त्या दोघांचा संसार सुरू झाला. खोटं कशाला बोलू, लतीफला सुरुवातीला तो जडच गेला. एकट्याने राहायची सवय झालेला माणूस. घरात कोणीतरी हसतंय याचीच त्याला धास्ती वाटायची. मग सवय झाली, आणि मग ते हसणं ऐकू आलं नाही तर तो जिन्यावरून वर हाक मारायला लागला.

गेल्या रमजानच्या ईदला तिनेच विषय काढला. जुन्या ट्रंकेतून कॅलेंडरची पिवळी पानं निघाली होती. ती म्हणाली, "अवो, ही गावं खरी हायत की तुमी मना पत्रातून फसवलांत?"

"खरी हायत."

"मग दाखवा."

एवढंच. त्या आठवड्यात त्याने एक दोनशे पानी वही आणली आणि बारातली चार शहरं निवडली. कोलोन, हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन आणि हायडेलबर्ग. ऑक्टोबरमध्ये जायचं, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि उजेड दिवसभर तिरका पडतो. लोक सहलीला जाताना हॉटेल बघतात, जेवण बघतात. याने सूर्य बघितला. कुठल्या तारखेला कोलोनमध्ये सूर्य किती वाजता उगवतो, नदीच्या कुठल्या काठावर उभं राहिलं तर चर्चचे दोन मनोरे आणि पुलाच्या कमानी एका चौकटीत येतात, हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांमधल्या कालव्यावर संध्याकाळचा निळा उजेड किती मिनिटं टिकतो. सगळं बारीक अक्षरात, आकृत्यांसकट. ड्रेस्डेनला पाऊस असला तर काय करायचं यावर दोन पानं होती.

शरीफुन्निसाने वही चाळली आणि विचारलं, "यात मी खय हाय?"

खरोखरच ती कुठे नव्हती. एकतीस वर्षं गावाच्या बायकापोरांचे फोटो काढणाऱ्या या शहाण्याने स्वतःच्या बायकोला एकदाही नीट कॅमेऱ्यासमोर बसवलं नव्हतं. मोबाइलवर होते फोटो, हुदाने काढलेले, पण फोन समोर आला की शरीफुन्निसाला हसू यायचं आणि ओढणी वर जायची. ईदचा फोटो बघा, सदफच्या वाढदिवसाचा बघा, नाकापासून खाली नुसती ओढणी.

तेव्हा तिने अट घातली. प्रत्येक गावात एक फोटो तिचा. ओढणी खाली ठेवून, हसताना. "तिकडे मना कोण ओळखतंय? तिकडे मी काय हात वर करायची नाय."

लतीफने वहीत प्रत्येक शहराखाली एक ओळ वाढवली. कोलोन, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं, शरीफुन कठड्याला टेकून, ऊन डाव्या गालावर. हायडेलबर्ग, दुपार उलटल्यावर, टेकडीवरच्या वाटेने वर, खाली जुना पूल, शरीफुन दगडावर बसून. कामाची नोंद करावी तशी केली त्याने ती, पण त्यानंतर रोज चहाच्या वेळी ती वही मागून घ्यायची आणि आज मी कुठे उभी आहे ते वाचून दाखवायला लावायची.

जुलैच्या शेवटी व्हिसाच्या फोटोसाठी ती खाली दुकानात आली. निळी ओढणी डोक्यावर घट्ट, हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा उघडा, नियमच तसा. लतीफने तिला स्टुलावर बसवलं आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "हात मांडीवर. समोर बघ. हसू नको."

झालं. "हसू नको" म्हटल्यावर ती हसणार नाही तर काय? फुटलीच. आणि हात मांडीवर ठेवायला सांगितलेले, म्हणून हात वर गेले नाहीत. एकतीस वर्षांच्या दिव्यांखाली, पांढऱ्या पडद्यावर, शरीफुन्निसा सगळं तोंड उघडून हसली. दातांतली फट, गालावरच्या दोन घड्या, मिटत चाललेले डोळे, सगळं. लतीफने बटण दाबलं होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा हसू. एक, दोन, पाच, अकरा फोटो, अकराही फुकट.

"अगं, रिजेक्ट होईल! शरीफुन, लहान हायस काय?"

"अवो, मना हसू येतंय त्याला मी काय करू?"

बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. लतीफला घाम फुटला. तो म्हणाला, "हे बघ, आत्ता नको. हसायचं तेवढं जर्मनीत हस. तिथे मी थांबवायचा नाय. आल्लाची कसम."

तिने ओठ दाबले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबले. बारावा फोटो बरोबर आला. तोंड मिटलेलं, नजर सरळ, सरकारी.

त्याने प्रती काढल्या, कापल्या, पाकिटात घातल्या. आणि मग, बाहेरचं गिऱ्हाईक आत येता येता, त्याच्या हाताने ते केलं जे तो हात वर्षानुवर्षं करत आला होता. कॅमेऱ्याची काच तिच्याकडे वळवली आणि एकेक फोटो पुसला. ती बघत होती. आपलंच तोंड उघडलेलं बघून पुन्हा हसत होती, आता मात्र ओढणीआड. "बरं झालं पुसलांत," म्हणाली, "कशी भुतासारखी दिसतंय." बाराही पुसून झाले.

"खलास," लतीफ म्हणाला.

ऑगस्टच्या अखेरीला एका सकाळी मोबाइलवर संदेश आला की पासपोर्ट तयार आहेत, घेऊन जा. लतीफ म्हणाला, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजेनंतर जाऊ. ती म्हणाली, मग मी तोपर्यंत तांदळाच्या भाकऱ्या करते. दुपारी जोहरच्या नमाजेनंतर तो वर गेला तेव्हा पीठ परातीत भिजलेलं होतं आणि शरीफुन्निसा ओट्याशी भिंतीला पाठ लावून बसली होती. छातीत दुखतंय म्हणाली. अँब्युलन्स येईपर्यंत तिने दोनदा त्याच्याकडे बघितलं आणि हसण्याचा प्रयत्न केला, त्याला धीर यावा म्हणून. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती.

दफन इथेच करायचं ठरलं आणि त्याच्या कागदांसाठी पासपोर्ट हवा होता. दुसऱ्या सकाळी वकारबरोबर लतीफ व्हिसा सेंटरमध्ये गेला. खिडकीतल्या मुलीला काय माहीत? तिने दोन पासपोर्ट सरकवले आणि गोड आवाजात म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, सर. बोथ अप्रूव्ह्ड." वकारने पुढे होऊन दोन्ही पासपोर्ट घेतले. शरीफुन्निसाच्या पासपोर्टात हिरवट व्हिसा चिकटवला होता आणि व्हिसावर तिचा फोटो. आपल्या दूतावासात, गेलेल्या माणसाचा पासपोर्ट रद्द करतात तसा, तिच्या पासपोर्टाचा कोपरा कात्रीने कापला आणि तो लतीफला परत दिला. व्हिसा तसाच राहिला. चौदा ते अठ्ठावीस ऑक्टोबर.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी हुदाच्या घरी कुराणखानी झाली. माणसं पांगल्यावर पाच वर्षांची सदफ आजोबांच्या मांडीवर येऊन बसली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजी. तिने त्यांच्या खिशातला व्हिसाचा छोटा फोटो ओढून काढला, उरलेल्या प्रतींपैकी एक. बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "धिस इज नॉट नानी."

"नानीच हाय, बाळा."

"नो. नानी लाफ्स."

लहान मुलाला काय कळतं म्हणतात. सगळं कळतं. लतीफ दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन नुमानकडे गेला. नुमान दोन गल्ल्या पलीकडे मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो, खेडचा मुलगा. त्याने विचारलं, "चाचा, पुसल्यावर या कार्डावर आणखी फोटो काढलेत?"

"रोजच. दोन महिने."

"मग नवे फोटो जुन्यांच्या जागेवर बसले असतील," नुमान म्हणाला. तरी त्याने कार्ड लावलं. दुपारभर ते मशीन चालू होतं. पुसलेले फोटो एकेक करून काचेवर यायला लागले आणि लतीफ खुर्ची ओढून बसला. ज्या बायकांना त्याने "खलास" म्हणून वचन दिलं होतं त्या पुन्हा समोर येत होत्या, म्हणून तो आधी नजर खाली घालायचा आणि ओढणीचा निळा रंग दिसला तरच वर बघायचा. नऊशेच्या वर चेहरे निघाले. कोणी अर्धा, कोणी नुसतं कपाळ आणि खाली राखाडी पट्टे. ड्रायव्हर, नर्सा, इंजिनिअर, नवऱ्या मुली, तान्ही पोरं. सगळे समोर बघत होते आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली होती, कारण त्यानेच ती मिटवली होती. शरीफुन्निसा त्यांत नव्हती. तिच्या जागेवर दुसऱ्यांचे चेहरे येऊन बसले होते.

"हे सगळे पुन्हा पूस," लतीफ म्हणाला. "माझ्यासमोर पूस."

हुदा म्हणाली, अब्बा, तुम्ही एकटे जा, अम्मीसाठी जा, तुमची तिकिटं आहेत, व्हिसा आहे. तो म्हणाला, "जाऊन काय करू? कठड्याचा फोटो काढू?" चौदा तारीख आली. सकाळी त्याने दुकान उघडलं. घड्याळात बघितलं, वेळेचा फरक वजा केला आणि ऊन डाव्या गालावर यायची वेळ झाली तेव्हा एका बांगलादेशी गवंड्याला म्हणाला, "हसना मत."

अठ्ठावीस तारखेला जुफैरहून एक जोडपं आलं. नवरा गुरुप्रसाद, बँकेत, पुण्याचा. बायको सुनीता. नाताळच्या सुट्टीत जर्मनीला जाणार, व्हिसाचे फोटो पाहिजेत. जुफैरमध्ये फोटोवाले काय कमी आहेत, पण तिच्या ऑफिसातल्या कोणी लतीफचं नाव सांगितलं होतं. नवऱ्याचा फोटो एका झटक्यात झाला. ती स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले, समोर बघितलं आणि तिला हसू आलं. दोनदा आलं, तीनदा आलं.

नवऱ्याला ऑफिस गाठायचं होतं. तो वैतागून म्हणाला, "सुनीता, प्लीज. हसायचं ते जर्मनीत जाऊन हस."

लतीफचा हात कॅमेऱ्यावर होता तो तिथेच थिजला. मग तो म्हणाला, "नाय साहेब. हितंच हसू दे."

त्याचा आवाज असा काही निघाला की गुरुप्रसाद दोन पावलं मागे सरला. सुनीता गोंधळली, आणि गोंधळल्यामुळे आणखी हसली. लतीफने बटण दाबलं. फार सुरेख फोटो आला. एकतीस वर्षांत त्याने मुद्दाम काढलेला तो पहिला हसरा फोटो होता. नंतर व्हिसाचाही काढला, तोंड मिटलेला, प्रती कापून पाकिटात घातल्या आणि काच तिच्याकडे वळवली.

"ताई, ह्या हसऱ्याची एक प्रत काढतो. पैसे नकोत. घरात ठेवा."

तिने वाकून बघितलं आणि तोंडावर हात नेला. "अय्या, शी! किती दात दिसतायत. नको काका, पुसून टाका."

"साहेब, तुमी घ्या. राहू दे तुमच्याकडे."

"नको म्हणतेय ना ती," नवरा घड्याळ बघत म्हणाला. "तिकडे गेल्यावर काढूच की ढीगभर."

काय सांगणार होता लतीफ त्यांना? आणि सांगून त्यांना कळलं असतं? ती बाई होती, फोटो तिचा होता, आणि त्याचा शब्द गावाला माहीत होता. त्याचा अंगठा बटणावर गेला आणि तिथे थांबला. दोघं बघत होती. मग त्याने तिच्या डोळ्यांदेखत तो फोटो पुसला. रोजचा शब्द तोंडाशी आला, पण बाहेर पडला नाही. तिनेच "थँक यू काका" म्हटलं आणि ती दोघं गेली.

लतीफने दार ओढून घेतलं, आतून कडी लावली. गल्ल्याखालच्या खणातून कोपरा कापलेला पासपोर्ट काढला आणि त्या गोल स्टुलावर बसून उघडला. व्हिसाचा आज शेवटचा दिवस होता. "हस आता," तो म्हणाला, "हस गं, मी काय बोलायचा नाय," आणि लहान पोरासारखा हमसून रडला. फोटोतल्या शरीफुन्निसाने त्याचं सांगणं ऐकलेलं होतं. ओठ घट्ट दाबून, हसू आवरून, ती जर्मनी यायची वाट बघत होती.